मांडवीकडून नदीकडे

बडोद्याचे पाहुणे स्टेशनावर उतरतात आणि तिथून दहा-पंधरा मिनिटं चाललं की काळा घोडा, कमाटीबाग आणि विश्वामित्रीचा पूल. त्यामुळे बहुतेकांचं शहर बघणं पश्चिमेकडून सुरू होतं: आधी नदी, मग बाग, आणि उन्हं चढल्यावर कधीतरी जुन्या कोटाच्या मधोमधची मांडवी. महाराष्ट्रातून येणाऱ्या मंडळींचे गट आम्ही पायी फिरवतो, आणि हा क्रम आम्ही कधीच सोडून दिला आहे. हिवाळ्यात गट साडेसातला मांडवीत उभा करायचा आणि साडेदहापर्यंत नदीवर आणायचा. अंतर तीनेक किलोमीटर, पण थांबत थांबत तीन तास सहज जातात.

यामागे मुख्य कारण मगरी. डिसेंबर-जानेवारीत इथे सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो आणि काठाची माती तापायला आणखी दोन-अडीच तास लागतात. मगर थंड रक्ताची, ती ऊन लागल्याशिवाय बाहेर येऊन पडत नाही. सकाळी सातला पुलावर गेलं तर दिसतं काय? धुकं, जलपर्णी आणि सांडपाण्याचा वास. मांडवीचं बरोबर उलटं. दुकानं उघडली की पाट्या, लटकवलेले कपडे आणि माणसं यांच्यात जुन्या घरांचे कोरीव लाकडी खांब हरवून जातात. वरचा मजला बघायला मान वर केली की मागून स्कूटरचा हॉर्न. साडेसातला मात्र शटर खाली असतात, रस्ता मोकळा असतो आणि आपण पश्चिमेकडे चालत असल्यामुळे ऊन पाठीवर राहतं, फोटो काढणाऱ्यांच्या डोळ्यांत जात नाही.

गट पंधराच्या वर नेऊ नये. रिक्षात तीन माणसं बसतात, म्हणजे पंधरा जणांना पाच रिक्षा. त्या स्टेशनाजवळून एकदम मिळतात, सहावीला शोधाशोध करावी लागते आणि मागे राहिलेली रिक्षा हमखास दुसऱ्याच दरवाजाला जाऊन उभी राहते. रिक्षावाल्याला ‘मांडवी’ एवढंच सांगावं. कोटाच्या चार दरवाजांपैकी एखाद्याचं नाव घेतलंत तर तो तिथेच सोडेल: पश्चिमेला लहेरीपुरा, पूर्वेला पाणीगेट, उत्तरेला चांपानेर, दक्षिणेला गेंडीगेट. जुन्या कोटातले दोन मुख्य रस्ते एकमेकांना काटकोनात छेदतात आणि त्या छेदावर मांडवी उभी आहे. चारी बाजूंना तीन-तीन कमानी आणि वर मागाहून चढवलेले मजले. हा नकाशा पाहुण्यांना सुरुवातीलाच हाताच्या तळव्यावर काढून दाखवावा, पुढचा सगळा रस्ता त्यांना आपोआप कळतो.

निघण्यापूर्वी स्वच्छतागृहाचं सांगून टाकायचं. मांडवी ते कमाटीबाग या टप्प्यात भरवशाची सोय फक्त नाश्त्याच्या ठिकाणी, आणि त्यानंतर थेट संग्रहालयात. हे आधी सांगितलं नाही तर नऊच्या सुमाराला दोन-तीन ज्येष्ठ मंडळी गप्प होतात, चालणं मंदावतं, आणि रावपुऱ्यात सांगायच्या गोष्टींकडे कोणाचंच लक्ष राहत नाही.

मांडवीत अर्ध्या तासापेक्षा जास्त थांबू नये. याच भागात २० जुलै १९०८ ला बँक ऑफ बडोदा सुरू झाली, आणि मध्यवर्ती ग्रंथालयही इथेच. सयाजीरावांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला १९१० मध्ये बोलावलं आणि राज्यभर ग्रंथालयांचं जाळं विणलं. पुस्तकांच्या पोलादी मांडण्यांच्या मजल्यांना काचेची जमीन आहे, वरचा उजेड खालपर्यंत झिरपावा म्हणून. सकाळी साडेसातला ते अर्थातच बंद असतं. वाचनाची आवड असलेला गट असेल तर दुसऱ्या दिवशी वेगळं यावं, ओझरतं बघण्यासारखं ते नाही.

तिथून लहेरीपुरा दरवाजा. तो ओलांडला की कोटाच्या बाहेर आलो, आणि समोर न्यायमंदिर. १८९६ ची ही बायझंटाइन धाटणीची इमारत भाजीमंडईसाठी योजली होती, पण पूर्ण झाल्यावर तिच्यात न्यायालय भरलं. आता न्यायालयही दुसरीकडे गेलं आहे, तेव्हा बाहेरूनच बघायची. याच्या पलीकडे सुरसागर. तलावाच्या मधोमध शंभर फुटांहून उंच शंकराची मूर्ती आहे आणि पाहुण्यांचे मोबाइल तिच्याकडे वळतात. आम्ही त्यांना खाली बघायला सांगतो. दगडी भिंतींनी बांधलेल्या या तलावाला जमिनीखालून दारं आहेत आणि भरून वाहू लागला की जादा पाणी त्यांतून विश्वामित्रीत जातं. बडोद्याची नदी डोळ्यांना दिसण्याआधी अशी पायाखालून भेटते. काठावरचं संगीत महाविद्यालय १८८६ मध्ये मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा म्हणून सुरू झालं. सकाळी खिडक्या उघड्या असतील तर तबल्याचा किंवा गळ्याचा रियाज ऐकू येतो.

नाश्ता इथेच उरकावा. शेवउसळ म्हणजे वाटाण्याची पातळ उसळ, वर शेव, कांदा, लसणाची तिखट चटणी, सोबत पाव. महाराष्ट्रातला माणूस पहिल्या घासाला तिची मिसळीशी तुलना करणार हे धरून चालावं. तुलना चुकीची आहे, कारण इथे मोड आलेली मटकी नसते आणि तिखट प्रत्येकाने वरून हवं तेवढं घालून घ्यायचं असतं. पहिल्यांदा खाणाऱ्याला अर्धा चमचा पुरे. तिखटाचा त्रास होणाऱ्याने ती सोडून फाफडा घ्यावा, पुढे दोन तास चालायचं आहे. लीलो चिवडा घरी न्यायचा असेल तर शेवटच्या दिवशी घ्यावा. तो ओलसर असतो, कोरड्या पोह्यांच्या चिवड्यासारखा पंधरा दिवस टिकेल असं समजू नये.

दांडिया बाजारातून जाताना बडोद्याचं मराठीपण कानावर पडतं. आजीबाई नातवाला ‘ओटल्यावर बस’ म्हणतात, गल्लीला पोळ म्हणतात, आणि हे शब्द गुजराती आहेत याची त्यांना जाणीवही नसते. इथे अरविंद घोषांचं निवासस्थान आहे. ते १८९३ ते १९०६ या काळात बडोदा संस्थानच्या नोकरीत होते. आवारात झाडं आहेत, शांतता आहे. दमलेल्यांना दहा मिनिटं बसवायला या रस्त्यावर याहून चांगली जागा नाही. बोलणं मात्र हळू आवाजात, लोक तिथे ध्यानाला बसलेले असतात.

तांबेकर वाडा रावपुऱ्यात, मुख्य रस्त्यापासून आत. पहिल्या खेपेला तो चुकतोच, कारण बाहेरून तो मोठ्या वाड्यासारखा दिसतच नाही. विठ्ठल खंडेराव ऊर्फ भाऊ तांबेकर १८४९ ते १८५४ या काळात बडोद्याचे दिवाण होते, त्यांचा हा चार मजली लाकडी वाडा. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. वरच्या मजल्यांच्या भिंती चित्रांनी भरलेल्या: कृष्णलीला, महाभारत, मराठे आणि इंग्रजांची लढाई. अस्सल मराठी शैलीची भित्तिचित्रं एवढ्या जवळून, एवढ्या संख्येने बघायला मिळणारी ठिकाणं फार नाहीत, आणि तरीही निम्मे प्रवासी इथे येत नाहीत.

या वाड्यात गट मात्र फोडावा लागतो. जिने अरुंद आणि उभे आहेत, खोल्या छोट्या. एका वेळी सात-आठ जण वर, बाकीचे खाली. पंधरा जण एकदम चढले की पाठीवरच्या पिशव्या भिंतींना घासतात, आणि घासून गेलेलं चित्र परत येत नाही. पिशव्या खालीच ठेवायच्या, भिंतीला टेकायचं नाही, फ्लॅश बंद. गुडघे दुखणाऱ्यांना स्पष्ट सांगावं की चढण्यापेक्षा उतरणं अवघड आहे. कठड्याचा आधार घेऊन एकेक पायरी. कुलूप दिसलं तर परत फिरू नये, आवारात विचारावं, राखणदार बहुधा जवळपासच असतो.

रावपुऱ्याचा टॉवर चालता चालता बघायचा. पहिल्या चिमणाबाईंच्या स्मरणार्थ १८९६ मध्ये बांधलेलं हे घड्याळ. गटाला इथे थांबवू नये, चौकात उभं राहायला जागा नाही.

कोठीच्या पुढे, पुलाच्या अलीकडे कीर्तिमंदिर. गायकवाड घराण्याच्या पूर्वजांसाठी सयाजीरावांनी १९३६ मध्ये ते बांधलं. शिखरावर सूर्य, चंद्र आणि पृथ्वी आहेत, आणि त्या पृथ्वीवर अखंड हिंदुस्थानचा नकाशा. आत नंदलाल बोस यांनी रंगवलेल्या भिंती आहेत: गंगावतरण, मीराबाईचं चरित्र, टागोरांच्या नाटकातली नटीर पूजा आणि महाभारताचं युद्ध. उन्हातून आत शिरल्यावर पहिली दोन मिनिटं काहीच नीट दिसत नाही. लोक तेवढ्यात ‘अंधार आहे’ म्हणून बाहेर पडतात. म्हणून आम्ही आत गेल्यावर आधी सगळ्यांना मधोमध गप्प उभं करतो, डोळे सरावले की रंग हळूहळू वर येतात. गंगावतरणापासून सुरुवात करावी, कारण दारातून बाहेर पडलं की पुढे नदीच आहे.

आता पूल. वेळ साडेदहाच्या आगेमागे, ऊन काठावर चांगलं पसरलेलं. विश्वामित्री पावागडच्या डोंगरात उगम पावते, बडोद्यातून वळणं घेत जाते आणि पुढे ढाढर नदीला मिळून खंभातच्या आखातात पोचते. एवढ्या मोठ्या शहराच्या मधून वाहणारी आणि तरी शेकड्यांनी मगरी सांभाळणारी अशी दुसरी नदी आम्हाला तरी माहीत नाही. पाहुण्यांची पहिली चूक ही, की ते पाण्यात बघतात. पाण्यात दिसलीच तर नाकपुड्या आणि डोळ्यांचे दोन उंचवटे, तेही तरंगणाऱ्या नारळासारखे. नजर ठेवायची ती उताराच्या काठावर, जिथे गवत दबून चिखल उघडा पडला आहे. वाळलेल्या चिखलाची मगर चिखलासारखीच दिसते. एक लांबट ओंडका दिसला की तो दोन मिनिटं बघत राहायचा. ओंडका तोंड उघडून पडला असेल तर ती मगर. तोंड उघडं ठेवून ती अंगातली उष्णता सांभाळते, चावायला बसलेली नसते. पण हे सांगितल्यावर लोक निर्धास्त होतात आणि अजून जवळून बघू म्हणतात. तिथे अजिबात ढील द्यायची नाही. कठड्यावरून वाकायचं नाही, काठाने खाली उतरायचं नाही, काठावरच्या देवळाच्या मागून पायवाट दिसली तरी नाही. मुलांचा हात धरून ठेवायचा. बिस्किटं, पाव काही टाकायचं नाही. मगर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि तिला डिवचणं गुन्हा आहे. शिवाय माणूस म्हणजे अन्न ही सवय तिला लागली तर भोगावं लागतं ते काठावर राहणाऱ्यांना.

आठ गुणिलं बेचाळीसची दुर्बीण असेल तर उत्तम, ती हातात स्थिर राहते. जास्त मोठी करणारी दुर्बीण पुलावरून ट्रक गेला की थरथरते. दहा-पंधरा मिनिटांत काही दिसलं नाही तर पुढे निघावं. ढगाळ दिवशी मगर दिसेल अशी आशा देऊ नये, आणि कोणालाही ती ‘नक्की’ दाखवू असं तर कधीच म्हणू नये. नदीचा वास, प्लास्टिक, जलपर्णी यांबद्दलही आधीच बोलून घ्यावं. झाकून काही उपयोग नाही, पाहुण्यांना नाक आहे.

पूल ओलांडला की काळा घोडा. मुंबईकरांना गंमत वाटते, पण इथे घोड्यावर सयाजीराव बसलेले आहेत. आणि मग कमाटीबाग, १८७९ ची, शंभर एकरांहून मोठी. तिचं कागदावरचं नाव सयाजीबाग. रिक्षावाल्याला कमाटीबागच सांगा. महाराष्ट्रातून येणारे बरेच जण इथे संकल्पभूमी विचारतात. बडोद्याच्या नोकरीत असताना, अस्पृश्य म्हणून राहायला जागा मिळेना तेव्हा, २३ सप्टेंबर १९१७ रोजी डॉ. आंबेडकर याच बागेत एका झाडाखाली बसले होते आणि समाजासाठी आयुष्य वेचण्याचा निश्चय त्यांनी इथे केला. २३ सप्टेंबरला इथे मोठी गर्दी असते. ज्यांना अभिवादनाला यायचं आहे त्यांनी त्याच दिवशी यावं, बाकीच्यांनी तो दिवस फिरण्यासाठी टाळावा.

बागेतल्या संग्रहालयाची इमारत १८९४ ची. शेजारचं चित्रदालन १९१४ मध्ये बांधून झालं, पण पहिल्या महायुद्धामुळे युरोपातली चित्रं अडकली आणि ते उघडायला १९२१ उजाडलं. दीड तास ठेवावा. मुलं इजिप्तची ममी आणि देवमाशाचा सांगाडा बघायला धावतात, धावू द्यावं. मोठ्यांनी अकोट्याच्या जैन धातुमूर्ती चुकवू नयेत. अकोटा म्हणजे जुनं अंकोट्टक, विश्वामित्रीच्या पश्चिम काठावरची वस्ती. आजच्या बडोद्याचं वटपद्रक हे नाव ८१२ च्या ताम्रपटात येतं, आणि ते पूर्व काठावरचं. आपण सकाळपासून जे चाललो ते वटपद्रकाकडून अंकोट्टकाच्या दिशेने.

इथे एक घोटाळा दर वेळी होतो. राजा रविवर्म्याची चित्रं बघायला लोक या संग्रहालयात शिरतात. ती मुख्यतः लक्ष्मीविलास राजमहालाच्या आवारातल्या महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात आहेत. त्याचं तिकीट राजमहालाच्या तिकिटापेक्षा वेगळं असतं, आणि ‘राजमहाल बघितला म्हणजे सगळं बघितलं’ असं समजून लोक दारावरून परत जातात.

राजमहाल जेवणानंतर, दोनला. लक्ष्मीविलासचा आराखडा मेजर चार्ल्स मँटचा. तो १८८१ मध्ये वारला आणि रॉबर्ट चिझमने काम पुढे नेऊन १८९० मध्ये महाल पुरा झाला. आत फोटो काढू देत नाहीत, बाहेर हवे तेवढे काढा. दरबार हॉलच्या रंगीत काचा आणि मोझाइकची जमीन दुपारच्या तिरप्या उन्हात जास्त खुलते. ‘बकिंगहॅमच्या चौपट मोठा’ हे वाक्य इथे प्रत्येक जण ऐकवतो. इमारत मोजली की आवार, हे कोणी सांगत नाही, म्हणून आम्ही ते म्हणतच नाही.

आणि सोमवार. राजमहाल, फत्तेसिंह संग्रहालय, बागेतलं संग्रहालय, सगळीकडे सोमवारी सुट्टी. शनिवार-रविवार जोडून सोमवारी परतणाऱ्या मंडळींचा उरलेला दिवस इथेच वाया जातो. सणाच्या सुट्ट्याही असतात, तेव्हा आदल्या दिवशी फोन करून खात्री करावी. सोमवारीच यावं लागलं तर सकाळचा पायी रस्ता तसाच ठेवावा आणि दुपारी रिक्षाने ईएमई मंदिरात जावं. १९६६ मध्ये लष्कराने बांधलेलं हे दक्षिणामूर्तीचं मंदिर ॲल्युमिनियमच्या पत्र्याने मढवलेलं आहे आणि वेगवेगळ्या धर्मांच्या खुणा त्याच्या घडणीत घेतल्या आहेत. लष्करी आवार आहे, तिथे कॅमेरा काढू नये.

उन्हाळ्यात मगरींचा हिशेब सोडून द्यावा. पारा बेचाळीसला जातो, साडेसहाला निघून साडेनऊला छपराखाली यावं लागतं. पावसाळ्याचा हिशेब तर वेगळाच आहे. बडोद्यात लख्ख ऊन असतानाही विश्वामित्री वाढू शकते, कारण पाणी नुसतं इथल्या पावसाने येत नाही, ते वरून, पावागड-हालोलकडून आणि आजव्याच्या तलावातूनही येतं. त्यामुळे आकाशाकडे बघून ठरवायचं नाही, आजव्याची पातळी बघून ठरवायचं. स्थानिक वर्तमानपत्रं ती रोज छापतात. ऑगस्ट २०२४ च्या पुरात मगरी वस्त्यांमध्ये आणि रस्त्यांवर आल्या होत्या. पुराचं पाणी नुकतंच ओसरलं असेल तर नदीकाठचा भाग त्या आठवड्यात गाळावा, चिखलाच्या डबक्यात काय बसलं आहे ते दिसत नाही.

दुसरा दिवस हाताशी असेल तर नर्मदा. सातला निघून आधी डभोई, तीसेक किलोमीटर. इथला हिरा भागोळ हा पूर्वेचा दरवाजा, म्हणून त्याच्या बाहेरच्या अंगावरचं कोरीवकाम सकाळीच बघायचं. दुपारी ते सावलीत जातं. १ एप्रिल १७३१ रोजी डभोईच्या लढाईत पहिल्या बाजीरावाने सेनापती त्रिंबकराव दाभाड्यांचा पराभव केला. दाभाडे पडले, आणि पिलाजीराव गायकवाड त्या दिवशी दाभाड्यांच्या बाजूने लढत होते. बडोद्याचे राजे पेशव्यांशी पुढेही का फटकून राहिले, हे इथे दरवाजाखाली उभं राहून सांगितलं की चटकन समजतं.

पुढे चांदोद. नर्मदा, ओरसंग आणि गुप्त सरस्वती यांचा संगम. मल्हारराव घाटावरून नाव मिळते. भाडं माणशी की नावेचं, फक्त संगमापर्यंत की पलीकडे कर्नाळीला कुबेराच्या देवळापर्यंत आणि परत, हे बसण्याआधी ठरवावं. नाव हलल्यावर भाव ठरत नाही. जीवनरक्षक जाकीट प्रत्येकाने घालायचं आणि पट्टे बांधायचे, नुसतं गळ्यात अडकवायचं नाही. चांदोद सरदार सरोवराच्या खालच्या बाजूला आहे, त्यामुळे धरणातून पाणी सोडलं की पातळी तासाभरात बदलते. काल कोरडी असलेली पायरी आज शेवाळलेली आणि पाण्याखाली असू शकते. नावाडी नाही म्हणाला तर दुसरा शोधू नये. अमावास्येला कुबेराला प्रचंड गर्दी असते.

मराठी मंडळींना गरुडेश्वर सांगावं लागत नाही, तेच विचारतात. वासुदेवानंद सरस्वती म्हणजे टेंबे स्वामी १९१४ मध्ये इथे समाधिस्थ झाले. तिथला वेळ घड्याळ लावून ठरवू नये, पाठ म्हणणारे म्हणतात, बाकीचे घाटावर बसतात. पण त्याच दिवशी केवडियाच्या, सरदार पटेलांच्या १८२ मीटरच्या पुतळ्याच्या वरच्या गॅलरीचं तिकीट काढलं असेल तर त्याची वेळ ठरलेली असते, ती चुकली की वर जाता येत नाही. म्हणून तिकीट दुपारी तीननंतरचं काढावं. तोही सोमवारी बंद. परतीचा रस्ता नव्वदेक किलोमीटर, डभोईच्या पुढे संध्याकाळी उसाच्या आणि कापसाच्या गाड्या बिनदिव्याच्या असतात, तेव्हा केवडियाहून साडेपाचला चाकं हलली पाहिजेत.